४७० मिश्र जोडी: दोघंही हेल्म, मग क्रू कोण? आणि सराव कसा बसवायचा?

थळची_सायली

नमस्कार. इथे शिडाच्या बोटींवर लिहिणारी बरीच जाणती मंडळी आहेत, म्हणून धागा काढते आहे. थोडं लांबेल.

मी अलिबागजवळच्या थळची, वय १९. घरी मासेमारीची बोट आहे, त्यामुळे दर्या नवा नाही. शिडाची बोट मात्र मुंबईत शिकले. आधी ऑप्टिमिस्ट ही एकट्याची छोटी बोट, मग मैत्रिणीबरोबर ट्वेंटीनाइनर ही दोघांची. दोन्हीकडे टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, माझ्याच हातात. मैत्रीण शिकायला बाहेर गेली आणि आमची जोडी संपली. आता ओंकार नावाचा पुण्याचा मुलगा माझ्याबरोबर ४७० मध्ये, म्हणजे दोघांच्या शिडाच्या बोटीत आहे. तो २१ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. आजवर एकट्याने लेझर रेडियल ही बोट चालवत आला, म्हणजे तोही हेल्मच, सुकाणू धरणारा. माझी उंची १६४ सेंमी, वजन ५४. त्याची उंची १७९, वजन ६६.

बोट एका क्लबची आहे, जुनी, पण वापरू देतात. शनिवार-रविवारच मिळतात. मी मांडव्याहून पहिल्या लाँचने गेटवेला येते, तो शुक्रवारी रात्री पुण्याहून निघतो. पावसाळ्यात सगळंच बंद.

आम्हाला ऑलिंपिक गाठायचं आहे. हे वाक्य घरी आणि कॉलेजात बोलताना लोक हसतात, म्हणून इथे सरळ लिहिते.

हेल्म कोणी व्हायचं ते ठरत नाहीये. त्याचं म्हणणं, मुलींनी पुढे ट्रॅपीझवर (मास्टच्या वायरला अडकून बोटीबाहेर) लटकणं कठीण, म्हणून तो क्रू, म्हणजे पुढचा साथीदार, होतो. पण त्याला क्रूचं काम येत नाही आणि मनातून नकोही आहे, हे मला दिसतं. दुसरं, आमची भांडणं होत नाहीत, उलट आम्ही गप्प होतो. स्टार्ट चुकला की दोघंही तोंड मिटून पुढची अख्खी रेस काढतो. तिसरं, फक्त शनिवार-रविवारच्या सरावात काय करावं? चौथं घरचं. आई म्हणते, मुलाबरोबर परगावी स्पर्धांना जायचं म्हणजे लोक बोलणार.

मी एफएक्समध्ये (ही मुलींच्या जोडीची बोट) मुलीबरोबर जावं आणि त्याने फोर्टीनाइनर (मुलांच्या जोडीची) बघावी, असाही सल्ला एकाने दिला. तुमचं मत सांगा.

---

तांडेल_कुलाबा

सायली, मी नौदलातून निवृत्त. बंदरात बरीच वर्षं शिडं हाकली. जोडीबद्दल इतर लोक सांगतील, मी पाण्याबद्दल सांगतो.

तुम्हाला आठवड्याचे दोनच दिवस मिळतात, तर ते दोन दिवस पंचांग बघून वापरा. मुंबईत पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास उधाणाची भरती पूर्ण होते आणि तिथून ओहोटी जोरात सुटते. त्याच वेळी वायव्येचा खारा वारा भरायला लागतो. वारा एकीकडून आणि पाणी त्याच्या अंगावर, त्यामुळे आखूड, उभ्या लाटा उठतात. हा दिवस लाटांत बोट चालवायला शिकण्याचा. अष्टमीच्या आसपास भांग असतं, प्रवाह कमी, दुपारी पाणी हळूहळू चढत असतं. तो दिवस वेग मोजण्याचा आणि टॅक-जाइब ही बाजू बदलायची वळणं घोटण्याचा. उधाणाच्या दिवशी कोणती बोट वेगवान हे तपासायला गेलात तर प्रवाहच मोजून याल.

सकाळी मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा, वारा असतो तोवर बाहेर पडलात तर दहा-अकराच्या सुमारास तो मरतो. थंडीत तर हमखास. त्या मधल्या तासाभरात परत येऊ नका. हलक्या वाऱ्यात बोट सरकवणं तिथेच शिकता येतं, आणि ऑलिंपिकच्या कितीतरी शर्यती असल्याच वाऱ्यात होतात. पॅरिस ऑलिंपिकच्या शर्यती मार्सेलला झाल्या, तिथे २०२४ मध्ये वारा नाही म्हणून बोटी पाण्यावर ताटकळल्या होत्या.

सुरक्षेचं: मोठ्या जहाजांचा मार्ग ओलांडताना कोच बोट जवळ हवी. न्हावा-शेव्याकडे जाणारं कंटेनर जहाज तुमच्यासाठी वळत नाही आणि थांबतही नाही. ओहोटीला डोल जाळ्यांचे खांब वर येतात, प्रवाह ज्या बाजूने त्यांच्याकडे जातो त्या अंगाला कॅप्साइझ होऊ नका, म्हणजे बोट उलटू देऊ नका. हे तुला थळच्या मुलीला सांगायला नको, पण ओंकारला सांग. तो तलावात शिकलेला दिसतो.

---

डोनापावला_क्रू

सायली, मी तुझ्यापेक्षा बरीच मोठी, म्हणून अगं-तुगं करते. मी आयुष्यभर क्रू. एन्टरप्राइज, मग ४७०. आता गोव्यात मुलांना शिकवते. तुझा प्रश्न वाचून रात्री झोप लागेना, कारण यात जो प्रश्न तू सगळ्यात शेवटी लिहायला हवा होतास तो पहिला लिहिला आहेस आणि जो पहिला हवा तो दुसऱ्या क्रमांकावर आहे.

पण आधी हेल्मचं उरकू.

मुलींना ट्रॅपीझ जमत नाही ही समजूत तुम्ही दोघांनी आजच सोडून द्या. मिश्र ४७० चं पहिलं ऑलिंपिक २०२४ ला झालं, मार्सेलला. सुवर्ण ऑस्ट्रियाचं: हेल्म लारा वाडलाउ, क्रू लुकास मेअर. रौप्य जपानचं: हेल्म केइजू ओकादा, क्रू मिहो योशिओका. कांस्य स्वीडनचं: हेल्म आंतोन डालबर्ग, क्रू लोविसा कार्लसन. पोडियमवरच्या तीन जोड्यांपैकी दोन जोड्यांत ट्रॅपीझवर बाई होती, आणि सुवर्णाच्या बोटीत टिलर बाईच्या हातात. दोन्ही मांडणींनी पदकं आली.

तुमच्या दोघांचं मिळून वजन १२०. ४७० साठी साधारण ११० ते १४५ किलो चालतं. हलक्या-मध्यम वाऱ्यात तुम्ही छान आहात. पंधरा नॉट्सच्या वर अपविंडला (वाऱ्याच्या दिशेने वर जाताना) जड जोड्या तुम्हाला सोडून जातील. वजन वाढवायचं असेल तर क्रूने वाढवावं, तेही व्यायामाने. क्रू कडेवर पाय रोवून पूर्ण बाहेर लटकतो, हेल्म कडेवर बसून नुसता मागे झुकतो, त्यामुळे क्रूच्या अंगावर चढलेला किलो बोट सपाट ठेवायला जास्त कामी येतो. उंचीचंही तसंच. या हिशेबाने ओंकार क्रू आणि तू हेल्म हे बरोबर बसतं. त्याचं कारण मात्र त्याने सांगितलं ते नाही.

आता त्याच्या मनात नाही त्याबद्दल. आपल्याकडे क्रू म्हणजे दुय्यम माणूस असं मानतात. बातमीतही हेल्मचं नाव आधी येतं. मला याचा राग येतो आणि तो अजून गेलेला नाही. क्रू काय करतो ते बघ. अपविंडला हेल्मचे डोळे जिबच्या (पुढच्या शिडाच्या) टेलटेल्सवर, म्हणजे वारा दाखवणाऱ्या धाग्यांवर, आणि समोरच्या लाटेवर खिळलेले असतात. पाण्यावर वारा कुठे काळा पडलाय, डावीकडची बोट कुठे निघालीय, मार्क (वळायचा बोया) कुठे आहे, हे वायरवरून क्रूलाच दिसतं. म्हणजे अर्ध्याहून जास्त डावपेच क्रूच्या तोंडून येतात. डाउनविंडला (वारा मागून असताना) स्पिनेकर हे फुगणारं मोठं शीड क्रूच्या हातात, त्याचा पोल लावणं-काढणं त्याच्याकडे, आणि बोटीला मिळणारा सगळा जोर त्या एका शिटमधून (शिडाच्या दोरीतून) त्याला कळतो. तेव्हा मागे वळून वारा बघायचं काम हेल्मकडे जातं. शर्यतीच्या दर लेगला, म्हणजे टप्प्याला, कामांची अशी अदलाबदल होते. लेझरमध्ये एकट्याने सगळे निर्णय घेणारा मुलगा क्रू झाला तर उलट चांगलं, त्याला शर्यत वाचता येते. त्याला सांग, १९९३-९४ चा खेलरत्न होमी मोतीवाला आणि पुष्पेंद्रकुमार गर्ग या दोघांना मिळून दिला गेला. एका बोटीतल्या दोन माणसांना देशाचा सर्वोच्च क्रीडा पुरस्कार.

तरी लगेच शिक्का मारू नका. या हंगामात काही आठवडे जागा बदलून चालवा. तू वायरवर गेलीस की तुला कळेल क्रूला काय ऐकू येत नाही आणि काय दिसत नाही, आणि पुढे हेल्म धरताना तू वेगळी बोलशील. मग एका तारखेला ठरवा आणि त्यानंतर परत तो विषय नको.

एफएक्स-फोर्टीनाइनरचा सल्ला मला पटत नाही. त्या बोटी देखण्या आहेत, दोघंही ट्रॅपीझवर, वेग बराच जास्त. श्वेता शेर्वेगर आणि वर्षा गौतमने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एफएक्समध्ये रौप्य आणलं, त्याच स्पर्धेत के. सी. गणपती आणि वरुण ठक्करने फोर्टीनाइनरमध्ये कांस्य. वाट आहे, हे खरं. पण तू ५४ किलोची, तुला तेवढीच तगडी मुलगी शोधावी लागेल, त्याला मुलगा, दोन बोटी, दोन कोच बोटी. जी जोडी हातात आहे ती मोडून दोन नव्या जोड्या शून्यातून उभ्या करायच्या?

आणि इथे मला जे सांगायचं आहे ते येतं. दोन माणसांच्या बोटीत तयार व्हायला सगळ्यात जास्त वेळ जोडीला लागतो. शिडं विकत मिळतात, मास्ट विकत मिळतो, कोच काही महिन्यांसाठी आणता येतो. एकमेकांची सवय विकत मिळत नाही. न्यूझीलंडचे पीटर बर्लिंग आणि ब्लेअर ट्युक ऑलिंपिकमध्ये २०१२ ला रौप्य, २०१६ ला सुवर्ण, २०२० ला रौप्य, तिन्ही वेळा तेच दोघे. ब्राझीलच्या मार्तिन ग्रेल आणि काहेना कुंझे २०१६ आणि २०२० ला, दोन्ही वेळा सुवर्ण. रिओला त्यांची शेवटची शर्यत दोन सेकंदांनी ठरली. आपले गणपती-वरुण चेन्नईत लहानपणापासूनचे सोबती, टोकियोला गेले तेही एकत्र. आपल्याकडे याची उलट बाजूही आहे. फारुख तारापोर १९८४, ८८ आणि ९२ अशी तीन ऑलिंपिक ४७० मध्ये उतरले. केवढी मोठी गोष्ट! पण बोटीतला साथीदार दर वेळी वेगळा: ध्रुव भंडारी, मग केली राव, मग सायरस कामा. मला नेहमी वाटतं, यातली एखादी जोडी आठ वर्षं टिकती तर काय झालं असतं.

म्हणून तुमचं गप्प होणं हा माझ्या मते या धाग्यातला खरा प्रश्न आहे. भांडणाऱ्या जोड्या मी सुधारलेल्या पाहिल्या आहेत. गप्प होणाऱ्या फुटतात, आणि फुटल्याचं कोणाला कळतही नाही.

याला उपाय आहे, पण तो स्वभावावर सोडायचा नाही, सरावात बसवायचा. कोण कधी बोलणार हे किनाऱ्यावर लिहून काढा. स्टार्टच्या आधी वेळ क्रू मोजणार, लाइनपर्यंतचं अंतर हेल्म सांगणार. अपविंडला झुळूक यायच्या आधी क्रू उलटी मोजणी करणार, पाच-चार-तीन, आणि झुळूक लागली की हेल्म एका शब्दात सांगणार: लिफ्ट (वारा सोयीचा फिरला), हेडर (गैरसोयीचा फिरला), की नुसता जोर. क्रूने हाक दिली आणि हेल्मने काहीच म्हटलं नाही असं एकदाही होता कामा नये, ‘हं’ तरी म्हणायचं. मार्कच्या आधी स्पिनेकर कोणत्या बाजूने आणि पुढे जाइब की सरळ, हे क्रू विचारणार, हेल्म ठरवणार. शब्द मराठी, हिंदी, इंग्रजी कुठलेही असोत, पण एका गोष्टीला एकच. तुम्ही वाऱ्याला ‘प्रेशर’ म्हणत असाल तर कायम प्रेशरच.

स्टार्ट चुकला की? तेव्हाही वाक्य ठरलेलं हवं. माझी जुनी हेल्म फक्त म्हणायची, ‘पुढची मोकळी वाट कुठे?’ आणि मला उत्तर शोधावंच लागायचं. गप्प बसायला जागाच उरायची नाही. चूक कोणाची हे बोट धुऊन, ट्रॉलीवर चढवून, कपडे बदलून झाल्यावर. मग वही काढायची आणि दहा मिनिटं बोलायचं, घड्याळ लावून. वहीत मास्टचा रेक (मागचा कल), श्राउडचा (मास्ट धरणाऱ्या तारेचा) ताण, वारा, लाट, आणि प्रत्येकाने स्वतःबद्दल एक आणि जोडीबद्दल एक अशी दोन वाक्यं. दुसऱ्याबद्दल वाक्य लिहायचं नाही.

शनिवार-रविवारबद्दल. पाण्यावरचा वेळ कमी आहे, तर जमिनीवर होणारं पाण्यावर करू नका. बोट ट्रॉलीवर घट्ट बांधा, वारा अगदी कमी असेल तेव्हा स्पिनेकर वर-खाली, पोल लावा, जाइब करा, परत. हात आपोआप चालेपर्यंत. ट्रॅपीझची वायर मजबूत आढ्याला टांगून आत-बाहेर होण्याचा सराव घरीही होतो. ओंकार हे पुण्यात आठवडाभर करू शकतो.

पाण्यावर माझे आवडते तीन. एक, रडर (सुकाणू) वर उचलून बोट चालवा. फक्त शिडं आणि अंगाचा तोल. तू जिब सोड म्हणायच्या आत त्याला ते कळायला हवं. पहिल्यांदा बोट गोल फिरेल, फिरू दे. दोन, हेल्मने डोळे मिटायचे आणि क्रूने बोलून अपविंड न्यायचं. तीन, एखाद्या बोयाशेजारी बोट उभी धरायची, प्रवाह असताना, मिनिटभर, मग पाच सेकंदांत पूर्ण वेग. तुमचे स्टार्ट याने सुधारतील. मग शिट्टीवर टॅक, शिट्टीवर जाइब, आणि दोन फेऱ्यांची पेनल्टी. पेनल्टीचा सराव कोणी करत नाही, आणि नियम ४२ खाली (अंग हलवून बोट ढकलल्याबद्दल) पिवळा झेंडा दिसला की पहिल्या वेळेला ती घ्यावीच लागते, दुसऱ्यांदा दिसला तर शर्यत सोडावी लागते.

वेग मोजायला मात्र दुसरी ४७० लागेल. एकटी बोट कितीही पळवा, ती वेगात आहे की नाही कळत नाही. आर्मीचं यॉटिंग नोड कुलाब्यातच आहे, तिथल्या मुलांशी बोला, शेजारी-शेजारी पळायला ते तयार होतात. दोघांची सेटिंग्ज उघड ठेवायची, लपवाछपवी नको.

शेवटी हार्नेस, म्हणजे ट्रॅपीझच्या वायरला अडकायचा अंगातला पट्टा. जुना, कोणाचा तरी दिलेला असेल तर त्याचा हुक सुटतो का बघ. १ जानेवारी २०२३ पासून चटकन सुटणाऱ्या हुकाचा हार्नेस नियमानेच हवा. बोट पूर्ण उलटी होऊन क्रू दोऱ्यांत अडकला तर तो हुक जीव वाचवतो. दोघांच्याही लाइफजॅकेटमध्ये दोरी कापायचा चाकू ठेवा.

---

ठाण्याचे_बाबा

वरच्या ताईंनी बोटीचं सांगितलं, मी घरचं सांगतो. माझी मुलगी याच खेळात होती, मिश्र जोडीत नव्हे, पण कोच आणि बाकी संघ मुलांचा.

सायली, आईला समजावू नकोस. आईला एकदा स्लिपवेवर, बोटी पाण्यात उतरवतात तिथे, आण. ओंकारच्या आई-वडिलांनाही बोलव, पुण्याहून येतील. दोन्ही घरं एकत्र बसून डबा खाऊ देत आणि तुम्ही दोघं बोट जोडताना त्यांना बघू दे. आमच्या घरात तेवढ्याने निम्मा विरोध गेला. माझ्या बायकोला वाटायचं की समुद्रावर फिरायला जातात. तिने मुलीचे तळहात सोललेले, पाय निळे-काळे झालेले पाहिले तेव्हा ती म्हणाली, हे फिरणं नाही.

मग दोन घरांनी मिळून काही गोष्टी कागदावर ठरवाव्यात. प्रवासात राहण्याची सोय वेगळी, संघाबरोबर एक जबाबदार बाई, रोज रात्री एक फोन, खर्चाचा हिशेब निम्मा-निम्मा, आणि एकाने मध्येच सोडायचं ठरवलं तर किती आधी सांगायचं. हे शेवटचं कलम सगळ्यांना अवघड वाटतं, पण तेच महत्त्वाचं. एकाच्या कॅम्पस प्लेसमेंटने दुसऱ्याची दोन वर्षं जाऊ शकतात. ओंकार शेवटच्या वर्षाला आहे, हा प्रश्न तुमच्यापुढे लवकरच येणार. आत्ताच विचारून घे.

प्रमाणपत्रं नीट जपा. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी लागते. राष्ट्रीय स्पर्धेचा निकाल, प्रवेशिका, फोटो, सगळं एका फाइलमध्ये. घरच्यांना हेही समजतं आणि पटतं.

---

कीलहून_मंदार

जर्मनीत राहतो, हौशी सेलर. युरोपात यायचं ठरलं तर एक हिशेब आधी करा: शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. मार्चअखेर स्पेनमधल्या पाल्माला प्रिन्सेसा सोफिया स्पर्धा, एप्रिलमध्ये फ्रान्समधलं एयर, जूनच्या उत्तरार्धात इथला कील वीक. तिन्ही करायच्या म्हणून सलग राहिलात तर ९० दिवस तिथेच संपतात. दोन करून परत जा.

बोट भारतातून आणू नका, इथे चार्टर करा. शिडं, हार्नेस आणि स्वतःच्या दोऱ्या मात्र घेऊन या. चार्टर बोटीचा मास्ट तुमच्या ओळखीचा नसतो, म्हणून स्पर्धेच्या आठवडाभर आधी पोचा. कोच एकट्या जोडीला परवडत नाही. दुसऱ्या एखाद्या छोट्या देशाच्या जोडीबरोबर वाटून घेतात, बरेच जण तसंच करतात. इथे कोणी आलं तर जेवायला बोलवीन, पिठलं-भाकरी नक्की.

---

थळची_सायली

सगळ्यांचे मनापासून आभार. ओंकारने पूर्ण धागा वाचला, दोनदा. मोतीवाला-गर्ग यांचं त्याला माहीत नव्हतं, त्यावर तो बराच वेळ बोलत होता. प्लेसमेंटचं मी त्याला विचारलं. तो म्हणाला की दोन वर्षं देणार, मग घरी बोलून पुढचं, आणि हे तो आई-बाबांसमोर सांगायला तयार आहे. दोन्ही घरं पुढच्या रविवारी कुलाब्याला येणार आहेत. माझे बाबा म्हणाले, त्या दिवशी आपली बोट घेऊनच येतो, तुमची शर्यत मागून बघतो.

ताई, तुम्हाला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. २०२८ चं ऑलिंपिक खरंच शक्य आहे का? लोक खोटी आशा दाखवतात किंवा थेट नाही म्हणतात, मला खरं हवंय. आणि पावसाळ्याचे चार महिने काय करायचं?

---

डोनापावला_क्रू

सायली, खरं सांगते.

एका प्रकारात एका देशाची एकच बोट जाते. ४७० मध्ये भारताची जोडी ऑलिंपिकला शेवटची गेली ती १९९२ ला. म्हणजे तुम्हाला आधी देशातली पहिली जोडी व्हायचं आहे आणि मग आशियातली जागा मिळवायची आहे. गणपती-वरुणनी टोकियोची जागा अशीच मिळवली, एप्रिल २०२१ मध्ये ओमानच्या मुसन्नाला, आशियाई पात्रता स्पर्धेत पहिलं येऊन. तिथे जपान, चीनसारख्यांनी आपली जागा आधीच जागतिक स्पर्धेत घेतलेली असते, त्यामुळे उरलेल्यांमध्ये चुरस होते. ती वाट उघडी आहे. पॅरिसला मात्र आपली एकही जोडी नव्हती, विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमानन हे एकेकट्याच्या बोटीतले दोघेच गेले.

तुम्ही एका हंगामाची जोडी आहात आणि महिन्यातून आठ दिवस पाण्यावर असता. एवढ्यावर २०२८ होणार नाही. ओंकारची परीक्षा झाल्यावर दोघं पूर्ण वेळ उतरलात, आर्मीच्या किंवा हैदराबादच्या जोड्यांशी सतत शर्यती केल्यात, तर २०२८ च्या पात्रता स्पर्धेत उभं राहण्याइतकं होईल, आणि तिथे उभं राहायलाच हवं, जिंकण्याची शक्यता कमी असली तरी. कारण २०३२ ला तू पंचविशीत असशील आणि ओंकार अठ्ठाविशीच्या आसपास. ४७० मध्ये हे वय उत्तम. वाडलाउ २०१२ आणि २०१६ खेळून, मध्ये थांबून, मग मेअरबरोबर परत येऊन जिंकली. तुमच्या दोन वर्षांच्या कराराचं मला बरं वाटलं, पण दोन वर्षांनी जेव्हा बसाल तेव्हा निकालांच्या कागदाइतकीच ती वही समोर ठेवा.

आशियाई स्पर्धेकडेही बघ. हांगझोऊला मिश्र ४७० मध्ये आपली जोडी होती, प्रीती कोंगारा आणि सुधांशू शेखर. त्यांनी कुठे सराव केला, कुठे अडलं, हे विचारायला लाजू नकोस. या खेळात आपण इतके थोडे आहोत की कोणी कोणाला नाही म्हणत नाही.

पावसाळा. मुंबई बंद झाली की हैदराबाद. जुलैमध्ये हुसेनसागरवर मोठ्या स्पर्धा होतात, त्या काळात तिथे देशभरातले सेलर असतात. तलावातला वारा इमारतींवरून येतो, क्षणात तीस अंश फिरतो. समुद्रावरच्या तुला आधी वैताग येईल. ओंकारला मात्र सोपं जाईल, आणि तिथे तो वायरवरून तुला वारा वाचून दाखवेल. तुमच्या गप्प होण्यावर याहून चांगलं औषध नाही, कारण त्या तलावात क्रू बोलला नाही तर बोट जागची हलत नाही. कॉलेजमुळे सगळे दिवस जमले नाहीत तरी दोन आठवडे सलग मिळवा. सुटे शनिवार-रविवार जोडून जे होत नाही ते सलग पंधरवड्यात होतं.

बाकीचे दिवस जिम, पोहणं आणि नियमांचं पुस्तक. नियमांवर एकमेकांना प्रश्न विचारा, फोनवर, रोज थोडे. बोटींच्या जागा कागदावर काढून, कोणाला हक्क आहे ते सांगायचं.

आणि बाबांना सांग, रविवारी त्यांची बोट स्टार्ट लाइनच्या वाऱ्याकडच्या अंगाला लावू नका, वारा अडतो. खालच्या अंगाला, जरा लांब.

---

तांडेल_कुलाबा

पुढचा रविवार अष्टमीच्या जवळ येतो. भांग असेल. घरच्यांना दाखवायला चांगला दिवस आहे, पाणी शांत मिळेल. मी सकाळी स्लिपवेवर असेन. ओंकारचा हार्नेस घेऊन ये, हुक बघून देतो.